आडातले पाहुणे

सोमवार, ४ जुलै १९७७

गिरिजे, ही वही तुझ्या हातात पडली की ही कुणाची आणि मला कशाला, असं तू विचारणारच. म्हणून पहिल्याच ओळीत सांगते. मी दानम्मा, तुझी आई. भवानी पेठेत राहते. तुझं माहेर तेच. लग्नात नाव घ्यायला सांगितलं तेव्हा अख्खा उखाणा म्हणालीस आणि नेमकं नवऱ्याचं नाव विसरलीस, सगळा मांडव खोळंबला होता. पहिल्या दिवाळसणाला आलीस ती ट्रंक तुझ्या सासरी, सांगोल्याच्या स्टँडवर ठेवून. तेव्हा तुझ्या डोक्याच्या भरवशावर मी काही ठेवत नाही, वहीत ठेवते.

मला अक्षर येत नाही. लिहिणारी हेमा, तुझ्या भावाची, शरणूची मुलगी, यंदा नववीत. तिच्या विज्ञानाच्या बाईंनी सांगितलंय की घराजवळची एक जागा धरा आणि तिथं कोणकोणते सजीव दिसतात ते रोज लिहा. हिनं आपला परसातला आड धरला. वही पुढून तिची, मागून माझी. मध्येच "आज्जी, वहीत असं लिहितात का?" म्हणते. तिला सांगितलंय, मागच्या पानांवर तू नुसता हात. शहाणपण पुढच्या पानांवर.

आज जेवताना शरणूला म्हटलं, "गिरिजेला सातवा सरत आला. जाऊन घेऊन ये." तो भाकरी मोडत होता, ती मोडतच राहिला.

"अव्वा, पेठेत घरटी एक माणूस हिवतापानं पडलंय. तिला हितं आणू नको."

"माहेर आहे तिचं."

"म्हणूनच," म्हणाला.

हे त्याचं बोलणं नव्हे. रुद्राणीनं पढवलं असणार. नणंदेचं बाळंतपण म्हटलं की आमच्या सूनबाईंची कंबर दोन महिने आधीच धरते.

तीन वर्षांमागं ह्याच घरात तुला हीव भरलं आणि सातव्या महिन्यात जे झालं ते मी लिहवणार नाही. तेवढं एक तू विसरली नसशील.

गुरुवार, ७ जुलै

हेमा ओसरीत पाठ करते आणि मी ऐकते. सजीव कुणाला म्हणायचं? जो वाढतो, हालचाल करतो, श्वास घेतो, अन्न घेतो, टोचलं तर ज्याला कळतं, आणि जो आपल्यासारखा दुसरा जीव जन्माला घालतो. मी म्हटलं, तुझा बाप दुकानात गादीवर बसला की ह्यातलं श्वास घेणं तेवढं उरतं. टोचलं तरी कळत नाही, मी रोज टोचून बघते.

आडातून काढलेलं पाणी तिनं काचेच्या बरणीत भरून ठेवलं होतं. त्यात बारीक वळवळे. असले मी लहानपणापासून बघतेय, फडक्यानं गाळून पाणी प्यावं, संपलं. हेमा म्हणाली, ह्या डासांच्या अळ्या. पाण्याच्या तोंडाशी आडव्या पडून राहतात त्या हिवतापाच्या डासाच्या.

"आडात आडव्याच पडणार," मी म्हटलं. पण मग हसू आलं नाही. म्हणजे पन्नास वर्षं मी ह्या आडातून पाण्याबरोबर डास शेंदत होते. तीन वर्षांमागंही शेंदले असतील.

सोमवार, ११ जुलै

आज म्युन्सिपालटीचा हिवतापवाला आला. बिरप्पा नाव, तुमच्याच सांगोल्याकडचा धनगर. हातात झाकणाचा डबा बघून मला वाटलं दूधवाला बदलला. झाकण उघडलं तर आत करंगळीच्या पेराएवढे मासे.

"ह्ये गप्पी मासं, आज्जी."

"आमच्या घरात एक गप्पी आधीच आहे."

"ती कोन?"

"तुझ्याशी बोलतेय तीच की."

मासे आडात सोडायचे, ते अळ्या खातात, डास होत नाहीत, असं त्याचं म्हणणं. एवढ्यात शरणू पूजेवरून उठून आला, कपाळभर विभूती.

"आडाचं पाणी माझ्या लिंगपूजेला लागतं. त्यात मासे? सात पिढ्यांत आपल्या उंबऱ्याच्या आत मासा आलेला नाही."

"मग आठवीत येऊ दे," मी म्हटलं. "शिजायला येत नाहीय, राहायला येतोय. माझ्या सासऱ्यांनी ह्याच आडात कासव सोडलं होतं, पाणी निर्मळ राहावं म्हणून. बहात्तरला आड आटला तोवर होतं. ते काय बेलाची पानं खाऊन जगलं?"

रुद्राणी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "पण अत्ते, आपल्या आडात जीव जीवाला खाणार. ते पाप कुणाच्या खात्यावर?"

बिरप्पानं डोकं खाजवलं. "वैनी, त्ये आमच्या फारमात न्हाय."

मग मी तुझं नाव काढलं, तेव्हा दोघं अटीवर कबूल झाली. आठव्यात पोरीला हलवत नाहीत. नववा लागला की नागपंचमीला आणायचं, तोवर महिना हातात आहे. बिरप्पाकडे पांढरी थाळी असते. आडाचं पाणी तिच्यात घ्यायचं, पांढऱ्यावर अळी लगेच दिसते. शरणू म्हणाला, "पंचमीच्या आधी थाळीत अळी दिसली, नाहीतर घरात कुणाला ताप आला, तर गिरिजा सांगोल्यातच राहील. मग मला बोलायचं नाही." पूजेला आता नळाचं पाणी.

बिरप्पानं डबा पोहऱ्यात ओतला आणि पोहरा अलगद खाली सोडला. पंचवीस मासे गेले. जाताना म्हणाला, "आज्जी, आडात कायबी टाकू नका हां."

मंगळवार, १२ जुलै

टाकायचं नाही हे मला कुणी शिकवायला नको. केर टाकतात. राख टाकतात. कुत्र्याला तुकडा टाकतात. पण आपल्या आसऱ्याला जो येतो त्याला टाकत नाहीत, वाढतात. आपल्यात दासोह म्हणजे काय ते त्या धनगराला माहीत नसेल, मला आहे. दाराशी आलेला जंगम असो की भिकारी, ह्या घरातून उपाशी गेला नाही. आणि पंचवीस पाहुणे घरात उतरवून त्यांना अळ्यांवर सोडू?

दुपारी कुणी नाही असं बघून भाकरीचा मऊ पापुद्रा कुसकरला आणि वाढला. लगेच वर आले. मुकाट्यानं जेवले. मीठ कमी आहे असं एकही म्हणाला नाही. अळ्या ते खातीलच की, तोंडीलावणं म्हणून. नुसत्या भाकरीवर कुणाचं भागतं?

कुणाला सांगायचं नाही असं हेमाकडून कबूल करून घेतलं. ती हसली. का हसली कळलं नाही.

रविवार, १७ जुलै

यंदा श्रावण दोन आहेत, अधिक आजपासून लागला. अधिकात केलेलं पुण्य जास्त लागू पडतं म्हणतात, त्यामुळं घरात सगळ्यांची वागणूक बिघडली आहे.

शरणू आता आडावर आंघोळीला जातो तो अर्धा तास परत येत नाही. त्याच्या सदऱ्याच्या खिशात चुरमुरे सापडले. पंचेचाळिशीचा घोडा, चोरून चुरमुरे खातो. लहानपणी मी पुरेसे दिले नाहीत की काय?

रुद्राणी भाकरी मोजून करते तरी कमी पडते. पूर्वी दुपारी टोपल्यात दोन उरायच्या, आता एक नाही. मी नुसतं तिच्या दंडाकडे बघितलं. जाड झालेली दिसत नाही. कुठं जातं हिचं खाल्लेलं?

आडाच्या काठावर मुंग्यांची रांग लागली आहे. मुंग्यांना तिथं काय मिळतं देव जाणे. हेमानं पुढच्या पानावर लिहिलंय म्हणे, "मुंग्या: संख्येत वाढ."

सोमवार, २५ जुलै

आडात बाळंतपण झालं! हेमानं सकाळी दाखवलं, टाचणीच्या डोक्याएवढी पिल्लं, नुसते डोळेच डोळे. ती म्हणते, बाकीचे मासे अंडी घालतात, गप्पी थेट पिल्लं घालतात, आपल्यासारखी. एका वेळी वीस-तीस.

मी काठाला धरून लई वेळ बघत राहिले. वीस-तीस, आणि आईच्या तोंडावर शीण नाही. ना कुणी माहेरी न्यायला आलं, ना कुणी नको म्हणालं. आहे त्या पाण्यात झालं सगळं.

बाळंतिणीला म्हणून आज भाकरीला तुपाचं बोट लावलं. पाण्यावर तवंग आला. तो पोहऱ्यानं काढता काढता कंबर गेली.

शनिवार, ३० जुलै

पाहुण्यांचं काहीतरी बिनसलं आहे. वाढायला गेले तर वर आले, वास घेतला आणि परत गेले. दोनदा हाक मारली तरी नाही. परमुलखाचे जीव, घर आठवत असेल. पोटं मात्र टुमटुमीत आहेत, ती बाळंतपणाची असतील. सगळ्यांचीच कशी, ते कळत नाही. नर पण आहेत म्हणे त्यात.

डास कमी नाहीत. मला तर जास्तच वाटतात.

हेमानं आज अन्नसाखळी शिकवली. मी म्हटलं, तुझ्या आजोबांनी मला चांदीची केली होती, ही कसली? तर म्हणाली, उन्हावर शेवाळ वाढतं, शेवाळ अळी खाते, अळीला मासा खातो, माशाला बगळा. प्रत्येकाचं पोट मागच्याला बांधलेलं. जे स्वतःचं अन्न स्वतः करतात ते उत्पादक.

"म्हणजे तुझी आई."

"नाही आज्जी. फक्त हिरवी झाडं. माणसं सगळी भक्षक."

"हे तुझ्या आईच्या कानावर जाऊ देऊ नको. स्वयंपाक बंद करेल."

मग म्हणाली, ह्या साखळीत मध्येच काही बदललं तर पुढचं सगळं बदलतं. असं म्हणून माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, बघतेस काय, लिही. तर म्हणाली, मी पण थोडं बदललंय, आणि पुस्तक घेऊन आत गेली. ह्या वयात पोरी असं कोड्यात बोलतात. तू पण बोलायचीस.

मंगळवार, २ ऑगस्ट

रुद्राणीला ताप. दुपारी कपडे वाळत घालताना दात वाजायला लागले. दोन गोधड्या आणि एक चादर घातली तरी खाट हलत होती. मी पायाशी बसले. मला आधी वाटलं, पंचमी आली म्हणून सोंग असेल. पण सोंगाला एवढी ऊब नसते, हात भाजत होता.

तापात ती एकच म्हणत होती, "गिरिजाक्कांना कळवू नका, त्या घाबरतील."

मी तिचं डोकं चेपून दिलं. हे तिला सांगू नको.

गुरुवार, ४ ऑगस्ट

बिरप्पा आला. रुद्राणीच्या बोटाला टोचून काचेवर रक्त घेतलं, कडू गोळ्या दिल्या. मग मी त्याला धरलं.

"बिरप्पा, तुझे मासे नुसते नावाचे गप्पी. काम शून्य."

"बघूया की." त्यानं पोहरा सोडला, पाणी थाळीत ओतलं. पांढऱ्या थाळीत अळ्याच अळ्या, तीळ सांडल्यासारख्या. बघवेना. त्यानं आडात वाकून बघितलं, मग आमच्याकडे बघितलं. शरणू, मी, हेमा ओळीनं उभे. आतून खाटेवरून रुद्राणी ऐकतेय.

"मासं झ्याक दिसत्यात. जरा जास्तच झ्याक. ह्यास्नी कोन काय खाया घालतंय का?"

बिरप्पानं थाळीतून काहीतरी दोन बोटांत उचललं. फुगलेला चुरमुरा.

शरणूनं घसा साफ केला. "मी फक्त सोमवारी. सिद्धरामेश्वराच्या तळ्यावर लोक घालतात तसं. अधिक महिना आहे म्हणून... रोज."

खाटेवरून आवाज आला, "मी उरलेलंच घालत होते. न उरलं तर एखादी जास्तीची करून."

हेमा म्हणाली, "माझ्या डब्यातली पोळी. प्रयोग म्हणून. कशावर जास्त येतात ते बघायचं होतं."

बिरप्पा मटकन कठड्यावर बसला. "आवं, लगनाच्या पंगतीतनं उठलेला मानूस ताटातली चटनी तरी चाटतो का? म्या काय म्हनलं हुतं? कायबी टाकू नका म्हनलं हुतं का न्हाय?"

"आम्ही टाकलं नाही," शरणू म्हणाला, "वाढलं." माझाच मुलगा.

"वाढू बी नका! मासा उपाशी ऱ्हायला तरच आळी खातोय. त्येचं त्येला हुडकू द्या."

मी काही बोलले नाही. वडील माणसानं सगळ्यांच्या शेवटी बोलायचं असतं, आणि तोवर बिरप्पा निघून गेला.

शनिवार, ६ ऑगस्ट

काल शरणूनं सगळ्यांना विभूतीच्या डब्यावर हात ठेवायला लावला. माशांना कुणी काही घालायचं नाही. टाकायचं नाही, वाढायचं नाही, सांडायचं नाही. "सांडायचं नाही" हे तो माझ्याकडे बघून म्हणाला.

रुद्राणीचा ताप उतरला. तांदळाच्या कण्यांची कण्हेरी मागितली, ती मी केली. खारट झाली होती, तिनं संपवली.

हेमाला विचारलं, मुक्या जिवाला उपाशी ठेवणं आणि मारणं ह्यात फरक काय? ती म्हणाली, उपाशी नाही आज्जी, त्यांचं अन्न आडातच आहे. आपण मध्ये पडलो. दासोहात आपण मध्येच पडतो, ते पुण्य. आडात मध्ये पडलो, ते पाप. हे एका घरात कसं बसवायचं ते कुठल्या पुस्तकात असेल तर तिच्या बाईंना विचारायला सांगितलंय.

बुधवार, १० ऑगस्ट

मी काठावर गेले की माझी सावली ओळखतात. सगळे एकदम वर येतात, बारकी बारकी तोंडं उघडतात, मिटतात. आवाज काही नाही. आवाज असता तर बरं झालं असतं, कानात बोटं घालता आली असती.

आज कणीक मळून झाल्यावर हात धुवायला नळाला पाणी नव्हतं. पोहरा काढून हात धुतले, ते पाणी आडाच्या तोंडाशी ओतलं. थोडं आत गेलं असेल. हात धुतले ह्याला वाढलं म्हणत नाहीत.

हेमा म्हणते, हे लिहू का? लिही. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

शुक्रवार, १२ ऑगस्ट

हात धुतले.

मंगळवार, १६ ऑगस्ट

खरा श्रावण लागला. बिरप्पा थाळी घेऊन आला. सगळे आडाभोवती उभे. पहिल्या पोहऱ्यात एकही नाही. दुसऱ्यात चार.

"कमी हायत, पर हायत," म्हणाला. "चार ऱ्हायल्या म्हंजी कुनीतरी चार जनांस्नी जेवू घालतंय. आज्जी, तुमी शानं मानूस हायसा, घरात जरा लक्ष ठेवा."

"ठेवते," मी म्हटलं.

चार. तेवढ्या कुणाच्या नावाच्या, ते विचारायचं धाडस मला झालं नाही. आज हात नळावर धुतले, पाणी येईपर्यंत थांबून.

शरणू ठरल्याप्रमाणं नाही म्हणेल असं वाटलं होतं. पण तो आडात डोकावला आणि म्हणाला, "अव्वा, दहा दिवसांत घरात कुणाला ताप नाही. चार अळ्या मी चिमटीनं काढीन. शुक्रवारी सकाळच्या गाडीनं जातो, पंचमी तिची हितंच." असं म्हणून तोंड फिरवलं. लहानपणी रडू आलं की असंच फिरवायचा. त्याला तुझी एवढी आठवण येत असेल असं मला वाटलं नव्हतं.

रुद्राणीनं तुझी खोली सारवली. नवी मच्छरदाणी बांधली, चारही कोपरे तिनं स्वतः खोचले.

गुरुवार, १८ ऑगस्ट

आज श्रावणातला गारठा जरा जास्तच आहे. मी दुपारी चादर घेऊन बसले.

हेमा म्हणते, आज्जी, बाहेर ऊन आहे. असेल. म्हाताऱ्या हाडांना ऊन पोचायला वेळ लागतो.

हेमा म्हणते, तुझा हात थरथरतोय. तू लिही, हात तुझा लागतो, माझा नाही.

ओठ मिटून धरले की दात वाजत नाहीत. फक्त उद्यापर्यंत धरायचेत. एकदा तू आलीस, उंबऱ्यावर तुझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, की मग मला काय व्हायचं ते होऊ दे. मी मागच्या सोप्यात झोपेन. तुझ्या खोलीपासून आडापेक्षाही लांब.

हे पान फाडायचं आहे हेमा, ध्यानात ठेव.

शुक्रवार, १९ ऑगस्ट

शरणू सकाळी पिशवी घेऊन निघाला. चपला घातल्या. रुद्राणीनं त्याच्या हातात तुझ्यासाठी नवी साडी दिली, बसमध्ये गार वारा लागतो म्हणून शाल दिली. तो कोपऱ्यावरच्या लिंबापर्यंत गेला.

मी ओसरीतून हाक मारली, "शरणू, मागं फिर."

तो आला. "काय विसरलं?"

"माझ्या कपाळाला हात लाव."

त्यानं लावला. पिशवी तिथंच ओसरीत ठेवली आणि खाली बसला. म्हणाला, "कधीपासून?"

"कालपासून. गारठा असेल."

त्यानं रुद्राणीला हाक मारली. रागवला पण नाही. रुद्राणीनं दोन गोधड्या आणल्या, त्यावर तुझ्यासाठी काढलेली शाल घातली. आतून दिसलं, हेमानं तुझ्या खोलीतली मच्छरदाणी सोडली आणि माझ्या खाटेवर बांधायला आणली.

खोटं बोलायला मला कधी जड गेलं नाही, तुला ठाऊक आहे. पण तो लिंबापर्यंत पोचला तेव्हा मला त्या पांढऱ्या थाळीतल्या चार अळ्या दिसल्या, आणि तू.

मंगळवार, २३ ऑगस्ट

ताप. एक दिवसाआड येतो, पाव्हण्यासारखा वेळ सांगून. आज सुट्टी आहे.

गोळ्या कडू. रुद्राणी गूळ देत नाही, आधी गिळा म्हणते. सासुरवास म्हणजे काय ते मला ह्या वयात कळतंय.

शनिवार, २७ ऑगस्ट

रुद्राणी सांगोल्याला गेली. तुझ्या बाळंतपणाला. मी नाही पाठवलं, तिचं तिनंच ठरवलं. शरणूला म्हणाली, "अत्तेंना जाता येत नाही, मग माहेरचं कुणीतरी पाहिजे की नको?"

जाताना माझ्या गोळ्या मोजून हेमाच्या ताब्यात दिल्या, आणि आडाच्या तोंडावर जुनं लुगडं ताणून बांधून गेली. डास आत जायला नको म्हणून, असं म्हणाली. गाठ मात्र अशी मारलीय की माझ्याच्यानं सुटत नाही.

शनिवार, १० सप्टेंबर

तार आली. हेमानं वाचली. मग परत वाचायला लावली. मग शरणूनं वाचली. मग मी ती हातात घेऊन बसले, मला कुठं वाचता येतं? कागद उलटा धरला होता म्हणे.

मुलगी. काल पहाटे. दोघी खुशाल.

ह्या घरात आली असतीस तर? असं मी दहा वेळा स्वतःला विचारलं आणि दहाही वेळा पुढं विचारायचं सोडून दिलं.

बुधवार, १४ सप्टेंबर

बिरप्पा आला, लुगडं सोडलं, थाळी भरली. तीन पोहरे काढले. एकही अळी नाही. मासे सडपातळ आणि चपळ, कुणाकडे बघत नाहीत, आपलं आपलं हुडकत फिरतात. माझी सावली पडली, एकही वर आला नाही.

"आता झाला साफ," म्हणाला. "आता आना पोरीला."

"पोरीला पोर झाली, बिरप्पा."

तो हसला, मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला. जाताना उरलेल्या गोळ्या मोजल्या आणि दोन कमी का, असं विचारलं. हरवल्या असतील, कडू होत्या.

हेमाची वही शाळेतून तपासून आली. पुढच्या पानांना दहापैकी आठ. कुणीतरी मागची पानं पण उघडून दिली होती, हेमाच असणार. बाईंनी शेवटी तांबड्या शाईनं लिहिलंय, "निरीक्षण उत्तम. निष्कर्ष बहुतेक चुकीचे." बाई तरुण आहेत म्हणे. होईल त्यांना पण सवय.

मंगळवार, २० सप्टेंबर

गिरिजे, उद्या तेराव्या दिवशी तुझ्याकडे बारसं. शरणू निघाला आहे, वही त्याच्याबरोबर देते. सगळं वाच, फाडायला सांगितलेलं पण वाच. हेमानं फाडलं नाही, मी पण दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

मला येता येत नाही. ताप गेला, पण उठलं की घर फिरतं. तशात एसटी पण फिरायला लागली तर सांगोला येणार की नातेपुतं, ड्रायव्हरला पण कळणार नाही. पाळण्याची दोरी तुझ्या सासूबाई कमलम्मा ओढतील, कानात नाव रुद्राणीनं सांगावं. तिची आत्या नाही ती, मामी आहे, मला ठाऊक आहे. तरी तिलाच सांगू दे. एवढं माझ्या वतीनं कमलम्मांना म्हण.

माझं नाव ठेवू नका. एक दानम्मा पुरे.

आणि एक. ही पोरगी मोठी होईल, शाळेत जाईल, हेमासारखी चार पुस्तकं वाचेल आणि एक दिवस मला शहाणपण शिकवायला येईल. तेव्हा मला म्हणता आलं पाहिजे, गप्प बस, तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी. न खाता कसं म्हणणार?

म्हणून परवा शरणू परत निघेल तेव्हा त्याच्याबरोबर पाठव. हरभऱ्याच्याच, वाटाण्याच्या नकोत. मला पुढचे दात नाहीत, तेव्हा घडीभर जास्त शिजव. मीठ बेतानं. खोबरं वेगळ्या पुडीत बांध, एकत्र केलंस तर वाटेत आंबेल. आणि ओंजळभर पाठव, मूठभर नको. ह्यांनी सगळ्यांनी वाटून खाल्ल्यावर मला चार तरी उरल्या पाहिजेत.